बिनगव्हाची पंगत

देवरेबाईंबद्दल लिहायला बसलं की आधी मलाच धाप लागते. बाई एका जागी उभ्या राहून कुणाशी बोलल्याचं मला आठवत नाही. त्यांच्याशी बोलायचं तर त्यांच्याबरोबर चालावं लागे, आणि त्यांचं चालणं म्हणजे आपलं पळणं. मैदानाच्या दोन फेऱ्या झाल्या की पालकांची लांबलचक गाऱ्हाणी आपोआप आटोपशीर होत. माझ्यासारख्या, मनातल्या मनात तीनदा घोळवून मग एक वाक्य बोलणाऱ्या माणसाची तर पंचाईतच. मी तोंड उघडेपर्यंत बाई पुढच्या कोपऱ्यावर पोचलेल्या असत.

उंची बेताची, अंग भरलेलं, चेहरा उन्हानं रापलेला. सुती साडी आणि तिच्याखाली पांढरे खेळाचे बूट. गळ्यात मंगळसूत्राशेजारी शिट्टी. कुणाच्या लग्नाला गेल्या तरी शिट्टी गळ्यात असायची, म्हणायच्या सवयीनं राहते. मूळच्या नामपूरकडच्या, पण गंगापूर रोडमागच्या आमच्या शाळेत खो-खो शिकवण्यात त्यांचं अर्धं आयुष्य गेलेलं. कचेरीत त्यांचं मराठी इस्त्री केलेलं असे. मैदानात उतरल्या, किंवा आनंद अनावर झाला, की अहिराणी बाहेर पडायची. "पळ"चं "पय" व्हायचं आणि "आहे"चं "शे".

आता बाई नाहीत. त्यांच्यापासून मी एक गोष्ट कितीतरी वर्षं लपवून ठेवली होती. ती सांगितल्याशिवाय बाईंचं चित्र पुरं होत नाही, म्हणून ती मध्ये येईल. पण चित्र बाईंचंच आहे. मी कडेला आहे, आणि कडेलाच बरा.

माझी मुलगी ईश्वरी दुसरीत होती तेव्हा काड्यांसारखे हातपाय आणि मध्येच ढोलासारखं पोट अशी दिसायची. अंगात रक्त नाही, उंची वाढत नाही, आज जुलाब, उद्या उलटी. जंताची औषधं झाली, दृष्ट काढून झाली, "पोरगी खातच नाही, कोंबा जरा पोळ्या" असा सल्ला माझ्या देवळ्याच्या आत्यापासून सगळ्यांनी दिला आणि आम्ही इमानानं पोळ्या कोंबल्या. शेवटी एका डॉक्टरीणबाईंनी तपासण्या करून निदान केलं, सिलिअ‍ॅक. गव्हातला एक घटक तिच्या आतड्याला सोसत नाही, आतडं आतून झिजतं. औषध एकच, गहू कायमचा बंद. त्यांनी चिमूट करून दाखवली आणि म्हणाल्या, "एवढासुद्धा नाही."

माझ्या बायकोनं, सुनंदानं, त्याच दिवशी घरातला गहू, रवा, मैदा, शेवया शेजारी वाटून टाकल्या आणि डबे घासून उन्हात पालथे घातले. मी काय केलं? मी तिच्याकडून वचन घेतलं, की हे बाहेर कुणाला सांगायचं नाही. माझ्या चुलतबहिणीचं जमलेलं लग्न मोडलं होतं. तिला लहानपणी फिट यायची, एवढीच कुजबुज देवळ्यात फिरली आणि सुपारी परत आली. ते मी जवळून पाहिलं होतं. पोरीचे दुधाचे दात पडत होते आणि बाप तिच्या सोयरिकीची काळजी वाहत होता. आज हसू येतं. तेव्हा मला तो दूरदर्शीपणा वाटत होता.

घरातलं निभावलं. अडलं ते शाळेत. आमच्या शाळेत घरचा डबा आणायची मनाई होती. कुणाच्या डब्यात काजूकतली, कुणाच्यात शिळी पोळी, हे दिसू नये म्हणून सगळी पोरं सभागृहात मांडी घालून एकाच पंगतीला बसत आणि एकच जेवत. पोळी, भाजी, वरण, भात. नियम चांगलाच होता. आमच्यापुढे मात्र तो भिंतीसारखा उभा राहिला.

मुख्याध्यापकांकडे जाऊन मी चाचरत सांगितलं, की मुलीचं पोट जरा नाजूक आहे, तिला डब्याची परवानगी मिळाली तर. सर म्हणाले, जेवणाचं सगळं देवरे मॅडमकडे. ते काम दुसऱ्या कुणाला नको होतं. जी पोरांना पळवते तिनंच त्यांना जेवू घालावं, असा साधा हिशोब होता.

तर मी मैदानात. बाई पुढे, मी मागे.

"नाजूक म्हणजे काय हो, आहेर भाऊ? दुखतं, फुगतं, का ढाळ लागतात?" बाईंनी हे खो-खोच्या खांबाजवळून विचारलं आणि सहावीच्या सगळ्या मुली माझ्याकडे बघू लागल्या.

मी खालच्या आवाजात काहीतरी पुटपुटलो. बाईंनी वेग वाढवला. त्या एका फेरीत मी जे सांगून टाकलं ते सख्ख्या भावालाही सांगितलं नव्हतं. पळणाऱ्या माणसाला खोटं रचायला सवड मिळत नाही हे मला त्या दिवशी कळलं. सांगून झालं आणि मी कीव ऐकायच्या तयारीनं खाली बघितलं.

"एवढंच?" बाई म्हणाल्या. वर बघतो तर त्यांचे डोळे चमकत होते. समोरच्या संघातला कच्चा गडी हेरल्यावर चमकावेत तसे. "फक्त गहू?"

"आणि सातू. रवा, मैदा..."

"म्हणजे गव्हाचं गणगोत. बाकी समदं चालतं ना?" आणि त्यांनी बोटांवर मोजायला सुरुवात केली. ज्वारी, बाजरी, नागली, मका, तांदूळ, भगर, राजगिरा, साबुदाणा. दोन्ही हातांची बोटं संपली तेव्हा त्यांनी माझा हात पुढे ओढला आणि माझ्या बोटांवर डाळी मोजल्या. "अहो भाऊ, माझ्या आईच्या घरात गहू फक्त सणाला यायचा. आम्ही समदे असेच वाढलो. अन् बघा."

बघितलं. शंका घ्यायला जागा नव्हती.

मी हळूच म्हणालो, की हे जरा कुणाला कळायला नको. त्यावर बाईंनी चालता चालता मान वळवली. "ज्याचं कुणाला कळू देत नाहीत ना, त्याच्याच ताटात भलतं पडतं." पण माझा चेहरा बघून तेवढ्यापुरतं ऐकलं. फक्त स्वयंपाकघरात सांगायचं ठरलं.

"चिमूटभरसुद्धा नाही" हे मात्र बाईंना पहिल्यांदा पटलं नव्हतं. चिमटीनं काय होतंय, असंच त्यांना वाटलं होतं. दुसऱ्या दिवशी सुनंदा येऊन समजावून गेली, आणि मग बाई दुसऱ्या टोकाला गेल्या. ईश्वरीसाठी वेगळा तवा आला, वेगळी परात, वेगळा उलथना, वेगळं फडकं. शोभाताई म्हणून स्वयंपाक करणाऱ्या बाई होत्या, त्यांना दर वेळी कोपरापर्यंत हात धुवायला लावायच्या. शोभाताई म्हणायच्या, "मॅडम, मी भाकऱ्या थापते का ऑपरेशन करते?" मग एक दिवस बाईंनी मसाल्याच्या डब्यांच्या चिठ्ठ्या वाचायला घेतल्या. चष्मा न लावता, हात लांब करून. हिंगाच्या डबीवर थबकल्या. आपण रोज फोडणीत टाकतो त्या हिंगात गव्हाचं पीठ मिसळलेलं असतं, हे बाईंना तेव्हा कळलं, आणि डबी नाचवत त्या मैदानभर फिरल्या. जो भेटेल त्याला, "हिंगात गहू शे. हिंगात." इतिहासाच्या सरांनी जेवढ्यास तेवढं नवल दाखवलं, तर त्यांना पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. त्या दिवसापासून शाळेच्या फोडणीतून हिंग हद्दपार झालं आणि लसूण वाढला.

खरी लढाई ताटावरून झाली. मुख्याध्यापकांनी आपल्या मते सोय म्हणून सुचवलं, की मुलीनं शिक्षकांच्या खोलीत टेबलावर जेवावं. मला ते फार आवडलं. कुणी बघणार नाही, कुणी विचारणार नाही. बाई म्हणाल्या, "तिथं शिक्षा झालेली पोरं बसतात." आणि त्यांनी उलटंच केलं. ईश्वरी पंगतीतच बसेल, आणि ती ज्या ओळीत बसेल ती सबंध ओळ भाकरी खाईल. म्हणजे वेगळा चमचा नको, वेगळं वाढणं नको, शेजारच्या ताटातली पोळी तिच्या ताटात सांडायची भीती नको.

गंगापूर रोडची खात्यापित्या घरची पोरं भाकरी कशाला खातील? बाईंनी जाहीर केलं, की भाकरीची ओळ सगळ्यांना मिळणार नाही. सकाळी मैदानाची फेरी जो न थांबता मारेल त्यालाच. भाकरीवर लोण्याचा गोळा आणि शेंगदाण्याची चटणी. पहिल्या आठवड्यात ईश्वरीच्या ओळीत चारदोन पोरं होती. पुढच्या आठवड्यात ओळ भरली. मग दुसरी ओळ सुरू झाली आणि सकाळी पोरं मोटारीतून उतरून दप्तरासकट पळत सुटायला लागली.

एक आई तणतणत आल्या. त्यांचा मुलगा घरी पोळीला हात लावीना, भाकरी मागायचा, आणि घरात ती कुणालाच येत नव्हती. सासूबाईसुद्धा हॉटेलातून मागवा म्हणाल्या. बाईंनी त्यांना मैदानाची एक फेरी मारायला लावली, मग म्हणाल्या, "शनिवारी या. शिकवते." त्या बाई खरंच आल्या. पहिली भाकरी नकाशासारखी झाली. बाईंनी ती उंच धरून सगळ्या स्वयंपाकघराला दाखवली आणि म्हणाल्या, "बागलाण तालुका. हुबेहूब." दोघी पोट धरून हसल्या.

एवढ्या भाकऱ्या लागायला लागल्यावर पिठाचा प्रश्न आला. शाळा ज्वारी आणायची. ती दळून कोण आणणार? आयुष्यात क्वचित करतो तसं मी पुढे होऊन म्हणालो, "दळण माझ्याकडे." बाईंनी माझ्या पाठीवर अशी थाप मारली की मी सबंध दिवस ताठ बसलो.

ईश्वरी सुधारली. केस चमकायला लागले, पोट बसलं, पिंढऱ्यांना गोलाई आली. मग एक दिवस ती पळाली. मी फाटकाशी उभा होतो. खो मिळाला तशी पाटीवरून उठली आणि खांबापर्यंत गेली, वळली, परत आली, आणि मागून बाईंचा आवाज, "पय, माय, पय." त्या स्वतःही शेजारून पळत होत्या. मला वाटलं आता त्या आनंदानं पडतील.

दिवाळीनंतर तिचं पोट पुन्हा दुखायला लागलं.

एकदा, दोनदा, मग आठवड्यातून दोनदा. वजन उतरलं. मैदानात मध्येच खाली बसायला लागली. बाईंनी शोध सुरू केला. जेवताना ईश्वरीसमोर उकिडव्या बसून घास न् घास बघायच्या. शेजारच्या मुलीच्या खिशातली बिस्किटं जप्त केली. शोभाताईंवर संशय घेतला. त्यांचा तवा पुन्हा पुन्हा तपासला, इतका की शोभाताई एकदा ओट्याशी उभ्या राहून रडल्या. मग बाईंनी स्वतःवर संशय घेतला. आपल्या हाताला पोळी लागलेली असेल म्हणून त्यांनी शाळेत पोळी खाणंच सोडलं.

आणि मला माहीत होतं.

दळण ठेवताना आपल्याकडे जाणती माणसं सांगतात, "ज्वारीवर ज्वारी दळा." म्हणजे आधी जात्यात गहू होता तर तो आमच्या पिठात येऊ देऊ नका. सुरुवातीला मीही सांगायचो. शनिवारी संध्याकाळी आमच्या चौकातल्या गिरणीत ही गर्दी. एकदा गिरणीवाला म्हणाला, "साहेब, आत्ता गव्हाचं चालू हाय. ज्वारीवर पाहिजे तर बसावं लागंल." आमच्याच इमारतीतले एक गृहस्थ रांगेत होते. ते मोठ्यानं म्हणाले, "काय हो आहेर, एवढं सोवळं कशाला? घरात कुणाला काही झालंय की काय?" रांगेतली सगळी डोकी वळली. मी म्हणालो, "छे छे, काही नाही. टाका." त्यानं गव्हावर ज्वारी टाकली. त्यानंतर मी कधी सांगितलंच नाही. सांगितलं की पुन्हा कुणीतरी विचारणार. मी मनाची समजूत घातली, की आधीच्या दळणाचं असं कितीसं राहतं. डॉक्टरीणबाईंनी चिमूट करून दाखवली होती ती मी पाहिली होती.

पोरगी रात्री पोट धरून तळमळायची आणि मी तिच्या पाठीवरून हात फिरवायचो. आणि शनिवारी पुन्हा त्याच गिरणीत दळण टाकायचो.

एका रविवारी सकाळी दारात बाई. आत आल्याच नाहीत. "भाऊ, समदं तपासलं. पीठ राहिलं. कुठून दळता?" मी बूट घालेपर्यंत त्यांनी स्कूटी सुरू केलेली. ईश्वरी पुढे उभी, बाई मध्ये, मी मागे ज्वारीची पिशवी मांडीवर घेऊन. गिरणीत पोचलो तर गव्हाचं दळण पडत होतं, हवेत पीठ धुक्यासारखं. एक डबा संपला, आणि ओळखीचा म्हणून गिरणीवाल्यानं न विचारता माझी पिशवी घेऊन तशीच वर ओतायला धरली.

"हाई काय शे?" बाईंच्या आवाजानं त्याचा हात वरच थांबला.

मग त्यांनी सांगायला सुरुवात केली. गिरणीच्या घरघरीच्या वर आवाज चढवून, अख्ख्या रांगेला. ही आमची ईश्वरी आहे, खो-खो खेळते, हिला गहू सोसत नाही, कणभर गेला तरी आतून जखम होते, हिला सिलिअ‍ॅक आहे. रोगाचं नाव त्यांनी दोनदा घेतलं, लोकांनी नीट ऐकावं म्हणून. माझ्या कानाला दडे बसले. इमारतीतले ते गृहस्थही होतेच. ईश्वरी बाईंच्या शेजारी उभी राहून एकेकाकडे बघत होती. मला वाटत होतं, आता हे शहर आपल्यावर कोसळणार.

काही कोसळलं नाही. एका आजीबाईंनी आपला गव्हाचा डबा मागे सरकवला. त्या गृहस्थांनी विचारलं, मग पोरीला इडली चालते का? बाई म्हणाल्या, पळत चालते. गिरणीवाला खरं तेच बोलला, की मॅडम, जातं कितीही झाडलं तरी गव्हाचं थोडं राहणारच, माझ्या भरवशावर राहू नका.

बाई तिथून थेट कुठे गेल्या असतील? त्या भाकरी शिकलेल्या आईंकडे. त्यांच्या घरी सोडतीत लागलेली घरघंटी होती, खोक्यातून न काढलेली. त्यावर कुंडी ठेवायचे. सोमवारी ती घरघंटी शाळेच्या क्रीडा-खोलीत, लेझमी आणि डंबेल्सच्या मध्ये बसली. तिच्यात गव्हाचा दाणा कधी गेला नव्हता आणि जाणार नव्हता. पहिलं दळण पडताना बाईंनी ढोल वाजवायला लावला. खरंच लावला. वर्ग सुटून पोरं बघायला आली.

आणि त्याच दुपारी, पंगत बसल्यावर, बाई ईश्वरीसमोर उभ्या राहिल्या आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "तुला इतके दिवस त्रास झाला ती चूक माझी. पीठ कुठून येतं हे मी पहिल्या दिवशी विचारायला पाहिजे होतं. चुकलं." मग शोभाताईंचीही माफी मागितली.

मी सभागृहाच्या दारात होतो. बाईंना वाटत होतं, मला माहीतच नव्हतं. एक पाऊल पुढे टाकून "माझी चूक" म्हणायचं होतं. मी ते टाकलं नाही. मग वर्षं गेली.

ती वर्षं मात्र काय झकास गेली. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, बाईंनी आम्हाला घरी बोलावलं आणि बिनगव्हाचे मांडे करायची शपथ घेतली. खापरावरचा मांडा म्हणजे त्यांच्या माहेरची शान, तळहातांवर फिरवून फिरवून चादरीएवढा करायचा. तांदळाच्या पिठाचा तो हातावरच फाटायचा. एक खापरावर, एक ओट्यावर, एक बाईंच्या खांद्यावर. शेवटी आम्ही आमरसात चिंध्या बुडवून खाल्ल्या, आणि बाई म्हणाल्या, "हरलो. पण पोट भरलं का नाही?"

जिल्ह्याच्या सामन्यांना मालेगावला गेलो तेव्हा यजमानांची पुरी-भाजी होती. बाईंनी घरून आणलेला स्टोव्ह आणि पातेलं काढलं, कडुनिंबाखाली मुगाची खिचडी टाकली आणि सगळ्या संघाला तीच वाढली. वासानं पंच आले. मग समोरच्या संघाच्या मुली आल्या. बाईंनी त्यांनाही वाढलं. म्हणाल्या, "खा, जड व्हा." दुपारी ईश्वरी शेवटच्या तुकडीत उतरली. मी तारेला धरून उभा. दोन गडी गेले, ती एकटी उरली, आणि ती पकडलीच जाईना. खांबाला झुकांडी देत, साखळीतून सुळकन निघत, पळतच राहिली. बाई कडेनं तिच्या बरोबरीनं पळत होत्या. शिट्टी झाली तेव्हा ती उभी होती. सामना आम्ही हरलो होतो, पण बाईंकडे बघून ते कुणाला कळलं नसतं. माझ्याजवळ येऊन म्हणाल्या, "हरलो भाऊ. पण पोरगी जेवनी अन् पयनी."

मग बाई निवृत्त होऊन नामपूरकडे गेल्या. ईश्वरी कॉलेजात गेली. बाईंच्या भाचीच्या लग्नाचं बोलावणं आलं, फोनवरच, की तिघांनी यायचं, जेवणाची काळजी नको.

बाई खूप वाळल्या होत्या. काय होतंय विचारलं तर "काही नाही, वय शे" म्हणाल्या. मांडवाभोवती त्यांच्याबरोबर चालताना मी मागे पडलो नाही, आणि त्याचंच मला भय वाटलं. वाटलं, आज नाही तर कधीच नाही. मी सांगून टाकलं. गिरणी, रांग, "काही नाही, टाका", सगळं. त्यांनी माफी मागितली तेव्हा मी दारात होतो, तेही.

बाई उभ्या राहिल्या.

"मी शोभाला रडवलं," त्या म्हणाल्या. "महिनाभर तिच्या हाताकडे चोरासारखी बघत होते. अन् तुम्हाला माहीत होतं?"

"हो."

"अन् तुम्ही रोज फाटकाशी येऊन मला विचारायचे, काही सापडलं का बाई म्हणून?"

"हो."

त्यांचा चेहरा लाल झाला होता. मला वाटलं, फाडकन देतील. दिली असती तर बरं झालं असतं. त्या म्हणाल्या, "मला कशाला सांगता? माझ्या पोटात दुखत नव्हतं. जिच्या दुखत होतं तिला सांगा. जा. आत्ता."

ईश्वरी मांडवामागे चुलवणांपाशी होती. आचाऱ्याशी बोलत होती, भोवती बायका पुऱ्या लाटत बसलेल्या. "काका, मला गहू चालत नाही," ती सांगत होती. "सिलिअ‍ॅक आहे मला. पुऱ्यांचा झारा भातात घालू नका, आणि माझा भात नव्या पातेल्यातला वरचा द्या." आचारी म्हणाला, कणभर लागलं तर काय होतं ताई? ती म्हणाली, "कणभरानंच होतं." लग्नघरात, चारचौघींत, मोठ्या आवाजात. एका बाईनं लाटणं थांबवून विचारलं, बाजरीची भाकरी चालंल का गं, घरात हाय. ईश्वरीनं तिला विचारलं, पीठ कुठलं? ती म्हणाली, घरचंच, हातजात्यावरचं, जात्यात बाजरीच असते. "मग चालेल, मावशी."

मी तिला बाजूला घेतलं आणि सांगितलं. वाक्यं मोडकीतोडकी आली. ती हातात ताट घेऊन ऐकत होती.

"मला माहीत आहे, बाबा," ती म्हणाली. "मी तिथंच होते. पिशवी मीच धरली होती."

मला ते आठवतच नव्हतं. त्या सबंध प्रसंगात मला फक्त मीच आठवत होतो.

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही काही नाही म्हणालात ना. मला वाटलं, माझं हे सांगायचं नसतं." तिनं ताट दुसऱ्या हातात घेतलं. "मग बाईंनी गिरणीत सगळ्यांना ओरडून सांगितलं. तेव्हा कळलं, सांगितलं तरी चालतं."

ती रागावली नाही. भाकरी आणणाऱ्या मावशी आल्या होत्या, त्यांच्याकडे वळली.

पंगत बसली. मी लांबून पाहत होतो. बाई वाढायला उतरल्या होत्या, पदर खोचून, हातात बिनहिंगाच्या आमटीची बादली. भाचे हातातून बादली घ्यायला बघत होते, त्यांना त्यांनी कोपरानं ढकललं. ईश्वरीपाशी आल्यावर बाईंनी वाढायच्या आधी डाव तसाच धरून तिला काहीतरी विचारलं. तिनं मान वर करून उत्तर दिलं. बाईंनी मग ओळीवरून नजर फिरवून मला शोधलं आणि भुवया उंचावल्या. सांगितलं, अशा अर्थानं मी मान हलवली. त्यांनी एकदा माझ्याकडे टक लावून पाहिलं. हसल्या नाहीत. मग वाकून तिच्या ताटात आमटी वाढली, तिच्या डोक्यावर मोकळा हात टेकवला आणि बादली उचलून पुढच्या ताटाकडे गेल्या, झपाझप, ओळीच्या टोकापर्यंत.